लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला लिहायचं पत्र

"आरबीआयला एक मेल टाका, बँक सुतासारखी सरळ येते." सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा सल्ला अधूनमधून कुणीतरी देतंच. तो ऐकून मेल टाकणाऱ्यांची तक्रार बघता बघता 'बंद' होते आणि मग ते कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याचा, मार्ग चांगला आहे. फी नाही, वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही. पण थेट तिथे जाता येत नाही, आणि तिथे तुमचं काय होणार हे त्याआधी बँकेला दिलेल्या पत्रावर ठरतं. म्हणून या लेखात लोकपालाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर थोडं आणि पत्रावर भरपूर लिहिलंय.

आधी दार बरोबर आहे का ते पाहा

रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. त्याआधी बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठी तीन वेगळ्या योजना होत्या. आता सगळ्यांसाठी एकच पोर्टल आहे आणि तुमची शाखा कुठल्या शहरात आहे याने फरक पडत नाही. सरकारी आणि खासगी बँका, ग्रामीण बँका, मोठ्या बिगरबँक वित्तसंस्था, वॉलेट कंपन्या, क्रेडिट स्कोअर ठेवणाऱ्या कंपन्या हे सगळे योजनेत येतात. नागरी सहकारी बँक शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत नोंदलेली) असेल किंवा तिच्या ठेवी ५० कोटी वा त्याहून जास्त असतील, तर तीही येते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. तोवर गावाकडच्या लोकांना 'ही बँक यात बसत नाही' एवढंच उत्तर मिळायचं.

पतसंस्था येत नाही. काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट सगळं बँकेसारखं असलं तरी पतसंस्था ही बँक नव्हे. तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. गृहकर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे जा. बँकेने कर्ज नाकारलं, हा तिचा व्यावसायिक निर्णय. त्यात लोकपाल पडत नाही. हेच प्रकरण आधीच कोर्टात किंवा ग्राहक आयोगात असेल तरी नाही. पोलिसांत किंवा १९३० या हेल्पलाइनवर सायबर फसवणुकीची तक्रार दिलेली असेल तर मात्र काही अडत नाही. उगाच घाबरून ती मागे घेऊ नका.

बँकेला पत्र: इथेच घोडं अडतं

योजनेची अट सरळ आहे: आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग उत्तरासाठी ३० दिवस. 'लेखी' या शब्दावर मी अडून बसतो, कारण लोक तिथेच घसरतात. कॉल सेंटरला केलेले फोन, शाखेत घातलेले हेलपाटे, मॅनेजरशी झालेली बाचाबाची, बँकेला टॅग करून टाकलेली पोस्ट यातलं काहीही, तक्रार केल्याचा पुरावा दाखवता आला नाही तर, तिथे उपयोगी पडत नाही. कॉल सेंटरने दिलेला सर्व्हिस रिक्वेस्टचा नंबर जपून ठेवा, पत्रात लिहाही, पण त्यावर विसंबू नका. चार दिवसांनी 'आपल्या समस्येचे निवारण झाले आहे' असा मेसेज येतो आणि नेमकं काय निवारण झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

पत्राच्या विषयात 'तक्रार' असं स्वच्छ लिहा. आपल्याकडे जन्मापासून 'विनंती अर्ज' लिहायची सवय असते, आणि शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती'. ही ओळ तर मी हटकून खोडायला लावतो. योग्य ती कार्यवाही म्हणजे कोणती? ते तुम्ही नाही सांगितलं तर बँक ठरवेल, आणि ती स्वतःच्या सोयीचंच ठरवेल.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचं गृहकर्ज फिटलं, पण मूळ कागद काही केल्या मिळेनात. त्यांनी दोन पानी पत्र दिलं. कर्मचारी कसे बोलले, उन्हात किती वेळ उभं ठेवलं, ज्येष्ठ नागरिकांचा मान कसा राहिला नाही, हे सगळं त्यात होतं आणि खरंही होतं. बँकेने बऱ्याच महिन्यांनी कागद दिले आणि तक्रार निकाली काढली. भरपाई पत्रात मागितलेलीच नव्हती. मागितली असती तर मुद्दा भक्कम होता: रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर (गृहकर्ज त्यातच येतं) मालमत्तेचे मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये. १ डिसेंबर २०२३ पासून कागद सोडवायची वेळ आलेल्या सगळ्या प्रकरणांना ते लागू आहे.

तेच पत्र असं हवं होतं: 'कर्ज खाते क्रमांक अमुक, अमुक तारखेला पूर्ण फेडले, नो ड्यूज दाखला सोबत जोडला आहे. मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू अमुक तारखेपर्यंत मिळायला हवे होते, आजपर्यंत मिळालेले नाहीत. मागणी: एक, दस्तऐवज परत द्यावेत. दोन, वरील परिपत्रकानुसार विलंबाच्या प्रत्येक दिवसाचे ५,००० रुपये माझ्या बचत खात्यात जमा करावेत.' बस. मनस्तापाला एक ओळ पुरे, तीही रकमेसकट. पत्र एका पानाच्या वर गेलं की ते वाचणारा फक्त शेवटचा परिच्छेद वाचतो.

मागणी आताच पूर्ण लिहा, कारण लोकपालाकडे तुम्ही तीच मागणी घेऊन जाणार आहात. बँकेकडे दहा हजार मागितले आणि पोर्टलवर दोन लाख लिहिले, तर 'हे आमच्याकडे कधी मागितलंच नव्हतं' असं म्हणायला बँक मोकळी. एका पत्रात एकच भांडण. लॉकरचं भाडं, एटीएममध्ये अडकलेले पैसे आणि चुकीचा विमा हप्ता एकत्र कोंबले तर बँक सगळ्यात सोप्या मुद्द्याचं उत्तर देते आणि फाईल बंद करते.

परिपत्रकाची तारीख शोधायला थोडा वेळ घालवा, तो कारणी लागतो. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले तर २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत. पुढे दिवसाला १०० रुपये. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढा. त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुम्ही बँकेला कळवल्याची तारीख आणि वेळ. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गफलत झाली, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीच जबाबदारी नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि सांगितला असेल तर लपवू नका. बँकेकडे नोंदी असतात, आणि एक खोटं पकडलं गेलं की बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता पोच. शाखेत दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'शिक्का आत आहे', 'हेड ऑफिसला पाठवा' ही उत्तरं ठरलेली. काउंटरवर वाद घालू नका. बाहेर पडा, तेच पत्र बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि शाखेला स्पीड पोस्टाने पाठवा. मी तर शिक्का मिळाला तरी ईमेल करायला लावतो. शिक्क्यावरची तारीख पुष्कळदा वाचताच येत नाही. पत्र मराठीत चालतं.

तीस दिवस

थांबा. एकोणतिसाव्या दिवशी पोर्टल उघडू नका, तक्रार अपात्र ठरते. उत्तर आधीच आलं आणि पटलं नाही तर लगेच जाता येतं. २०२१ च्या योजनेत उत्तरानंतर एक वर्षाची मुदत आहे, पण ती वापरून संपवायची गरज नाही. इथल्या मुदती आणि रकमा मी त्या योजनेतल्या देतोय. अर्ज करताना पोर्टलवर लागू असलेली योजना उघडून पाहा.

पोर्टल

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून तक्रार नोंदवायच्या 'सीएमएस' पोर्टलवर जा, गूगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नको. पत्र, पोच, बँकेचं उत्तर आणि स्टेटमेंट जोडा. अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. संगणक जमत नसेल तर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राला टपालाने, कुठल्याही भाषेत. तक्रार 'पुढे सरकवायला' कुणी पैसे मागितले तर तो भामटा आहे.

नंतर

लोकपाल बँकेकडून म्हणणं मागवतो. त्यासाठी बँकेला १५ दिवस असतात. कित्येकदा याच टप्प्यावर बँक अचानक गोड बोलायला लागते आणि तडजोडीचा फोन येतो. रक्कम पटली तर घ्या, पण पैसे खात्यात दिसेपर्यंत 'तक्रार मिटली' असं कुठेही लिहून देऊ नका. बँकेचं म्हणणं तुम्हाला कळवलं गेलं तर मुद्द्याला मुद्दा जोडून उत्तर द्या. गप्प राहिलात तर पाठपुरावा नाही म्हणून प्रकरण बंद होऊ शकतं.

तडजोड झाली नाही तर निवाडा होतो. नुकसानापोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ, खर्च यापोटी वेगळे १ लाखापर्यंत देता येतात. निवाडा मान्य असेल तर ३० दिवसांत लेखी संमती द्या, नाहीतर तो आपोआप रद्द होतो. मान्य नसेल तर त्याच ३० दिवसांत अपील करता येतं, किंवा संमती न देता जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तिथली दोन वर्षांची मुदत मूळ प्रकार घडल्यापासून मोजली जाते, लोकपालाच्या निकालापासून नाही. म्हणून ती तारीख पहिल्या पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा.