साताऱ्यातून किंवा सांगलीतून परदेशी मध्यम लहरी केंद्रे कशी ऐकावीत

दिवसा मध्यम लहरींवर जवळपासचीच केंद्रे लागतात, कारण वातावरणाच्या वरच्या भागातील 'डी' थर आकाशाकडे गेलेल्या या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो, लहरी त्याहून उंच थरांवरून परततात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरचे केंद्रही घरच्या रेडिओवर ऐकू येते. लहरी वरून येत असल्यामुळे मध्ये सह्याद्री आहे, ही अडचण मानण्याचे कारण नाही.

रेडिओ आकड्यांचा (डिजिटल) असल्यास त्याची टप्प्याची सेटिंग आधी पाहावी. आपल्याकडे 531 ते 1602 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात केंद्रे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. सेट अमेरिकी पद्धतीच्या 10 वर असेल, तर बहुतेक केंद्रे धड लागतच नाहीत. एलईडी बल्ब, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखर दूरचा आवाज गिळून टाकते, म्हणून रेडिओ सेलवर चालवून गच्चीत किंवा शेतावर न्यावा. लाइट गेलेली रात्र तर मुळीच दवडू नये.

खरी मेख वेळेत आहे. केंद्रापासून आपल्यापर्यंतचा सगळा मार्ग अंधारात असावा लागतो. थायलंडकडे आपल्या सुमारे पावणेदोन तास आधी सूर्य मावळतो, त्यामुळे त्या बाजूची केंद्रे आपल्याकडे अंधार पडताच शोधावीत. ओमानमध्ये तो सुमारे तासाभराने मावळतो, म्हणून बीबीसीच्या तेथील 1413 किलोहर्ट्झसाठी तेवढे थांबावे. पहाटे हाच हिशेब उलटतो: पूर्वेकडची केंद्रे आधी विरतात आणि पश्चिमेकडची आपल्या सूर्योदयापर्यंत टिकतात. श्रीलंकेतील पुत्तलमचे 882 किलोहर्ट्झ मात्र जवळजवळ आपल्याच रेखांशाजवळ असल्याने तेथे हा फरक किरकोळ आहे. वळवाच्या दिवसांत विजांची कडकड फार असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो.

रेडिओतील फेराइट रॉडला, म्हणजे मध्यम लहरी पकडणाऱ्या आतल्या दांडीसारख्या अँटेनाला, त्याच्या टोकांच्या दिशेने सर्वांत कमी ऐकू येते. साताऱ्यात पुण्याच्या केंद्राचा अडथळा होत असेल, तर रॉड उत्तर-दक्षिण ठेवावा, म्हणजे पुणे दबते आणि पश्चिमेकडचे ओमान मोकळे होते. रेडिओ अगदी हळू फिरवावा, कारण आवाज दबण्याची जागा फार अरुंद असते.

आणखी बळ हवे असल्यास 60 सेंटिमीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर इन्सुलेटेड तारेचे सुमारे 11 वेढे घालून दोन्ही टोके 365 पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला (फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या कंडेन्सरला) जोडावीत. रेडिओला तार जोडायची नसते. तो चौकटीजवळ ठेवून गँग फिरवला, की एका ठिकाणी आवाज एकदम फुगतो.

केंद्र ओळखण्यासाठी तासाच्या ठोक्याला कान द्यावा, कारण बहुधा तेव्हाच नाव सांगितले जाते. वहीत फ्रिक्वेन्सी, भाषा, कार्यक्रमाचा तपशील आणि आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केलेली जागतिक वेळ लिहावी. ग्रहण-अहवाल, म्हणजे काय व कसे ऐकू आले याचे केंद्राला पत्र, पाठवताना नुसते 'छान ऐकू आले' न लिहिता, किमान अर्ध्या तासात काय ऐकले ते क्रमाने द्यावे. त्यावरूनच केंद्र पडताळणी करते आणि क्यूएसएल कार्ड, म्हणजे आपण ते केंद्र ऐकल्याची पावती, पाठवते.