जुना आघात आणि गंभीर मानसिक आजार: सांभाळताना या चुका टाळा

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेलं माणूस गोळी थुंकतं, अंगाला हात लावू देत नाही, की घरचे म्हणतात, "आजार वाढला." असेलही. पण त्यामागे खऱ्या घटनेची भीतीही असू शकते: लहानपणचा मार, लैंगिक अत्याचार, किंवा मागच्या वेळी चौघांनी दाबून धरून दिलेलं इंजेक्शन. लहानपणी असे आघात सोसलेल्यांत सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका सुमारे पावणेतीन पट दिसतो, असं २०१२ सालच्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यात आढळलं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे "तिला भास होतात, तिचं काय खरं मानायचं?" असं म्हणणं. एखादी मुलगी नातेवाइकाचं नाव घेऊन काही सांगते आणि घर ते आजाराच्या खात्यात टाकून मोकळं होतं. सांगणं विस्कळीत असलं म्हणून घडलेलं खोटं ठरत नाही. उलटतपासणी करू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, तो आला तर मी तुला एकटीला सोडणार नाही," एवढं म्हणा आणि तसं वागा. तिला विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावू नका; काळजी घ्यायला सगळा तपशील लागत नाही.

दुसरी चूक फसवण्याची. "देवीला जाऊन येऊ" म्हणून गाडीत बसवायचं आणि दवाखान्यात उतरवायचं, किंवा चहातून गोळी द्यायची. असं करणारे दुष्ट नसतात, थकलेले असतात, हे मला ठाऊक आहे. पण आजारामुळे आधीच संशय घेणाऱ्या माणसाच्या हाती आपण पुरावाच देतो. त्यापेक्षा बरं असतानाच ठरवा: आधी कोणाला बोलवायचं, कोणतं औषध सोसत नाही, काय अजिबात करायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार प्रौढ व्यक्तीला हे 'अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह' म्हणून लेखी देता येतं आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. तातडीच्या उपचारांना मात्र ते लागू होत नाही.

साखळीने बांधायला या कायद्याने पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका ठिकाणी ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत २८ माणसं गेली. बांधलेली असल्यानं त्यांना पळता आलं नाही. रुग्णालयातही हातपाय बांधणं हा शिक्षेचा किंवा मनुष्यबळ कमी असल्याचा उपाय नव्हे. इंजेक्शनआधी काय देणार ते सांगा, कोणता हात ते विचारा, बाईजवळ शक्यतो बाईच असू द्या.

"सायकोसिस आहे, आघातावरची थेरपी नको, भडकेल," हेही सरसकट खरं नाही. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १५५ रुग्णांच्या चाचणीत ईएमडीआर (आघात आठवताना डोळ्यांच्या हालचाली करवून घेणारी) आणि प्रोलाँग्ड एक्स्पोजर (भीतीच्या आठवणीला हळूहळू सामोरं नेणारी) या दोन्ही थेरपींनी आघाताची लक्षणं कमी झाली. औषध चालू ठेवून अशी थेरपी देता येईल का, हे मनोविकारतज्ज्ञांना थेट विचारा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.