बोटॉक्सचे इंजेक्शन घेण्यापूर्वी

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल मानले जाते. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश ते अडवते, आणि म्हणूनच अत्यल्प मात्रेत ते औषध ठरते; तेच बोटॉक्स. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी, तर २००२ साली भुवयांमधील आठ्यांसाठी त्याला मान्यता मिळाली.

पणजी-मडगावात लग्नसराईच्या तोंडावर सवलतीला भुलून हे इंजेक्शन पार्लरमध्ये कदापि घेऊ नये. नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे. कुपी आपल्यासमोर फ्रीजमधून काढून तिच्यात सलाइन मिसळले जाते ना, हे पाहावे, लेबलवरील नाव आणि मुदत स्वतः वाचावी, आणि किती युनिट दिली ते लिहून घ्यावे, कारण एका ब्रँडचे युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचे नसते. गरोदरपण, स्तनपान किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असल्यास ते आधीच सांगावे.

इंजेक्शननंतर चार तास ती जागा चोळू नये व आडवे होऊ नये. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. मात्र गिळताना, बोलताना वा श्वास घेताना त्रास झाला, मग तो काही आठवड्यांनी का असेना, तर तत्काळ १०८ क्रमांकावर फोन करावा.