अल्पाइनवर पोस्टग्रेस: आधी काळे की आधी कावळे?

आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर डिस्क जेमतेम २० जीबी. जागा वाचावी म्हणून मी पोस्टग्रेस १५ या डेटाबेसची डेबियन लिनक्सवाली डॉकर इमेज (प्रोग्रामचं तयार पॅकेज) काढून आटोपशीर अल्पाइन लिनक्सवाली लावली, व्हॉल्यूम (डेटा साठवायचा कप्पा) तोच ठेवला. सर्व्हर एका दमात सुरू झाला आणि मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरून फोन. "सर, सभासद यादीत दिसतोय, पण कोड टाकला की सापडत नाही."

अक्षरांचा क्रम लावणारी मूळ सी लायब्ररी डेबियनमध्ये जीलिबसी, अल्पाइनमध्ये मसल. मसलला कुठलंही लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) सांगा, ती मुकाट मान डोलावते आणि तुलना मात्र निव्वळ अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनी करते. आमचे जुने कोड इंग्रजी लहान अक्षरांत, नवे मोठ्या. जीलिबसी दोन्ही एकत्र लावते. मसल मोठी सगळी आधी घेते. इंडेक्स (शोधासाठीची सूची) एका क्रमाने रचलेला, शोध दुसऱ्या क्रमाने. कोलेशनची, म्हणजे अक्षरक्रमाची, वॉर्निंग लॉगमध्ये होती, मीच वाचली नव्हती.

रीइंडेक्सने, म्हणजे इंडेक्स नव्याने रचून, शोध सुधारतो, पण यादी मराठी होत नाही. युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी, म्हणून मसलवर काळे, कावळे, कासार. आपल्या वर्णमालेत ळ ह च्याही पुढे: कावळे, कासार, काळे. त्यासाठी आयसीयू (भाषावार क्रम लावणारी वेगळी लायब्ररी) हवं. अल्पाइनच्या इमेजमध्ये ते १५ पासून चालतं.

आता रीतसर. जुनी डेबियन इमेज परत लावून पीजी-डंपने कस्टम फॉरमॅटमध्ये डंप (डेटाबेसची प्रत) घ्या; रोल्स (डेटाबेसचे वापरकर्ते) पीजी-डंपऑलने वेगळे. अल्पाइनला कोरा व्हॉल्यूम द्या. इनिटडीबीच्या (कोरा डेटाबेस मांडणाऱ्या कमांडच्या) आर्ग्युमेंटमध्ये लोकेल-प्रोव्हायडर आयसीयू आणि आयसीयू-लोकेल 'एमआर-आयएन' लिहा. व्हॉल्यूममध्ये आधीचा डेटा असेल तर हे पर्याय वाचलेच जात नाहीत. आधी रोल्स चढवा, मग पीजी-रिस्टोरने डंप. त्याला 'क्रिएट' पर्याय देऊ नका, नाहीतर डेटाबेस जुनं लोकेल घेऊन जन्मतो आणि सगळी मेहनत पाण्यात. माझं रिस्टोर युनिक इंडेक्सवर अडलं: मसलवर गेलेल्या दिवसात एकच कोड दोनदा शिरला होता. तो हाताने काढला.

जीलिबसीवर कंपाइल केलेली एक्स्टेंशन्स (पोस्टग्रेसला जोडलेली जादा मॉड्यूल्स) इथे लोड होत नाहीत, ती अल्पाइनमध्येच पुन्हा बांधा.

शेवटी वरची तीन आडनावं ऑर्डर बायने क्रमात लावून बघा. आणि इमेजच्या टॅगमध्ये अल्पाइनची आवृत्तीही लिहा. ती बदलली की आयसीयूही बदलू शकतं, मग रीइंडेक्स आणि त्यानंतर कोलेशन व्हर्जन रिफ्रेश, याच क्रमाने.