घरावर सोलर बसवताय? अनुदान अडकवणाऱ्या या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या आत्याच्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसलं. पॅनेल दोन दिवसांत चढले, अनुदान मात्र कितीतरी महिने रखडलं. कारण लाईट बिलात होतं. बिल अजून आतोबांच्या नावावर येत होतं आणि ते जाऊन सहा वर्षं झाली होती. बँक खातं आत्याचं. बिलावरचं नाव एक, खात्यावरचं दुसरं, त्यामुळे पैसे अडकले. शेवटी मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि मुलांची संमतीपत्रं जोडून आधी बिलावरचं नाव बदलून घेतलं, मगच गाडं पुढे सरकलं. तेव्हापासून सोलरबद्दल कुणी विचारलं की मी पहिल्यांदा त्यांचं लाईट बिल मागतो. छतावर पाय ठेवायच्या आधीच बहुतेक चुका झालेल्या असतात.

बिल, आधार, बँक: तिन्हीकडे नाव एकच हवं

गावाकडे निम्मी बिलं आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतात. कुठे मधलं नाव गळालेलं असतं, कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं असतं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर अनुदान योजनेचा अर्ज बिलावरच्या ग्राहक क्रमांकावर भरला जातो आणि अनुदान थेट खात्यात जमा होतं. म्हणून नाव बदलायचं असेल तर अर्जाच्या आधी बदला, नंतर तेच काम दुप्पट किचकट होतं. बँकेचा आयएफएससी कोडही पासबुकात पाहून भरा. बँकांच्या विलीनीकरणात कित्येक शाखांचे कोड बदलले आणि जुनं चेकबुक कपाटात तसंच पडून आहे.

अर्ज फक्त या योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, म्हणजे सरकारी वेबसाइटवर करा. त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर ग्राहक क्रमांक, आधार किंवा ओटीपी देऊ नका.

अनुदान किती, आणि ते कशावर मोजतात

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,०००. त्यापुढे पाच बसवा नाहीतर दहा, केंद्राचे ७८,०००च. 'मोठं सिस्टीम घ्या, सबसिडी जास्त मिळेल' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

इथे एक बारकावा आहे, तो कोटेशनवर कुणी लिहून देत नाही. क्षमता धरताना पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांतला लहान आकडा धरतात. ५४० वॅटचे पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट. सोबत तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर असला तरी हिशेब २.७ चाच: ६०,००० अधिक १२,६००, म्हणजे ७२,६०० रुपये. सहावा पॅनेल लावला असता तर पूर्ण ७८,००० मिळाले असते. कोटेशन हातात आलं की पॅनेलची संख्या आणि वॅट यांचा गुणाकार स्वतः करून बघा.

आणि हे पैसे शेवटी येतात. आधी सगळी रक्कम तुम्ही भरायची, सिस्टीम चालू होऊन तपासणी झाली की अनुदान जमा होतं. हात आखडता असेल तर या योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या सोलरला तारणाशिवाय दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. ते आधी विचारा, सावकारी व्याजाने पैसे उचलू नका.

वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत असेल तर महावितरणच्या ग्राहकांसाठी राज्याची 'स्मार्ट' योजना आहे. एक किलोवॅटला केंद्राच्या ३०,००० च्या वर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्याकडून १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये असं तिचं स्वरूप आहे. ऐंशी युनिट वापरणाऱ्या घराला तीन किलोवॅट खपवलेलं मी पाहिलं आहे. अशा वेळी मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्यात त्यांच्या मुलीची फी भरून झाली असती.

किती किलोवॅट घ्यायचं, हे बिलावरच्या मागच्या बारा महिन्यांच्या वापरावरून ठरवा. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, पावसाळ्यात कमी. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्या युनिटना तुमच्या खरेदीच्या दरापेक्षा खूपच कमी दर मिळतो. स्थिर आकार तर भरावाच लागतो, म्हणून 'शून्य बिल' हा शब्द ऐकून सही करू नका.

लाईट गेली की सोलरही बंद: बॅटरीचा गैरसमज

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. भर दुपारी ऊन तापलेलं असताना लाईट जाते, आणि वर सहा पॅनेल असूनही घरातला पंखा थांबतो. माणूस चिडून इन्स्टॉलरला फोन लावतो. पण बिघाड काहीच नसतो. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, जोडलेला इन्व्हर्टर लाईन बंद झाली की स्वतः बंद होतो, आणि तो झालाच पाहिजे. नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून उलटा करंट बसेल.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. पण बॅटरीला या योजनेत अनुदान नाही, तो खर्च पूर्ण तुमचा. ग्रिडला न जोडलेलं, निव्वळ बॅटरीवर चालणारं सोलरही या अनुदानात बसत नाही. 'बॅटरीसकट सबसिडी' असं कुणी म्हटलं तर ते कागदावर लिहून मागा.

बॅटरी घ्यायचीच असेल तर किती तास लाईट जाते हे एक महिना वहीत लिहून काढा. १२ व्होल्टच्या १५० एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण ती टिकवायची असेल तर निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे हाती ०.९ युनिट. त्यावर तीन पंखे, चार दिवे आणि वायफाय असं ३०० वॅटचं ओझं तीन तास निघेल. मोटर आणि गिझर त्यावर चालणार नाहीत. ज्या शहरात महिन्यातून दोनदा अर्धा तास लाईट जाते, तिथे घरातला जुना, बॅटरीवरचा साधा इन्व्हर्टर पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅनेल कुठले आणि कुणाकडून

अनुदानासाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले, हवेत. बिनडीसीआर पॅनेल स्वस्त पडतो आणि दिसायला सारखाच असतो. म्हणून पॅनेल वर चढवण्याआधी मागच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरचे फोटो काढा आणि डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून पाहा. एकदा स्ट्रक्चरवर बसले की खाली वाकून नंबर वाचणं अवघड जातं. इन्स्टॉलरचं नाव पोर्टलच्या यादीत आहे ना, हेही बघा. पाच वर्षांची देखभाल करारात त्यांच्याकडेच असते.

छतावर पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊला आणि दुपारी चारला कुठे पडते ते पाहून जागा ठरवा. एका पॅनेलवर सावली आली तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धुतलं तर काचेवर पांढरे डाग बसतात. धुवायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीची परवानगी घ्यावी. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपयांचं अनुदान वेगळं आहे.

सगळं झालं, तरी पैसे नाहीत किंवा बिल जास्त

पैसे आले नसतील तर पोर्टलवर लॉगिन करून स्थिती पाहा. नेट मीटर (ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) लागला, तपासणी झाली, पण बँक तपशील भरून अनुदानाची मागणी करायचीच राहून गेली, असं बऱ्याचदा होतं. ते काम आपोआप होत नाही.

बिल जास्त वाटत असेल तर आधी मीटर वाचा. इन्व्हर्टरच्या अॅपवर महिन्याला ३६० युनिट दिसतात आणि बिलावर निर्यात, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज, फक्त २४०, मग लोकांना वाटतं १२० युनिट चोरीला गेले. ते १२० तुम्हीच दिवसा घरात वापरलेले असतात, ते मीटरपर्यंत पोहोचतच नाहीत. आयात, म्हणजे ग्रिडमधून घेतलेली वीज, १९० असेल तर २४० मधून १९० वजा जाऊन ५० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा व्हायला हवेत. तसे बिलावर दिसत नसतील तर मीटरच्या डिस्प्लेवरच्या आयात आणि निर्यात या दोन्ही रीडिंगचे तारखेसह फोटो काढा आणि लेखी तक्रार करा. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.