लुणीचं खोरं अभ्यासताना या चुका टाळा

दर्यापूर, मूर्तिजापूर भागातल्या पोट्ट्यांना राजस्थानची लुणी नदी खरं तर सोपी जायला पाहिजे. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णाकाठच्या खाऱ्या भूजलाच्या भागात वाढलेल्यांना खाऱ्या पाण्याचं काय नवल! तरी स्पर्धा परीक्षेचे सराव पेपर तपासायला घेतले की ठरलेल्या चुका ठरलेल्या ठिकाणी सापडतात.

सगळ्यात मोठा घोळ नकाशात. मुलं आधी निळी रेघ ओढतात आणि मग दोन्ही बाजूंनी सारख्या उपनद्या जोडून मोकळी होतात. डोळ्यापुढे आपली पूर्णा असते ना! तिला उत्तरेकडून सातपुड्यातल्या शहानूर, चंद्रभागा मिळतात, दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा, मन. लुणीचं तसं नाही. तिच्या सुकडी, बांडी, जवाई, खारी या उपनद्या डाव्या बाजूने, अरवलीच्या पश्चिम उतारावरून येतात. उजवीकडून नाव घेण्यासारखी एकटी जोजडी. म्हणून आधी अरवलीची रांग काढा, नदी नंतर. सुमारे 37 हजार चौरस किलोमीटरचं हे खोरं एका अंगाला का झुकलंय, ते मग पाठ करावं लागत नाही. नदी वाळवंटातून वाहते म्हणून उगमही वाळूत दाखवणारे बरेच निघतात. उगम अजमेरजवळ अरवलीत आहे. पुष्करजवळून निघालेले सरस्वती आणि साबरमती हे दोन फाटे गोविंदगढला एकत्र येतात, तिथून पुढे ती लुणी. ही साबरमती अहमदाबादची नव्हे. आपल्याकडे तापीची पूर्णा वेगळी आणि गोदावरीची वेगळी, तसंच ते.

खारेपणाचं कारण विचारलं की "समुद्राचं पाणी मागे चढतं" असं उत्तर येतं. चूक. पाणी राजस्थानातल्याच बालोतरा शहरापर्यंत गोडच असतं. पुढे जमिनीतले क्षार त्यात उतरतात, उतार मंद होतो, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पूर्णाकाठचा खारेपणा मात्र मुख्यतः भूजलातला, म्हणजे विहिरी-बोअरचा. दोन्हींना एकच कारण चिकटवू नका.

"सर, पाणी नाई त नदी कायची?" हा प्रश्न दर बॅचला येतो. मे महिन्यात पूर्णेच्या पात्रात हातभर वाळू उकरून झिरा पाडलेला ज्यानं पाहिलाय, त्यानं तरी हे विचारू नये. वर कोरडं दिसलं तरी वाळूच्या पोटात पाणी असतं. याच्या उलट चूक मोबाइलवर उपग्रहचित्र पाहणाऱ्यांची. ऐन उन्हाळ्यात जोजडी किंवा बांडीत पाणी दिसलं म्हणून त्या बारमाही ठरवू नका. जोधपूर, पालीच्या कापड रंगाई-छपाईचं सांडपाणी त्यांत येतं, तेच ते.

पुराचा मुद्दा तर बहुतेक जण सोडूनच देतात. वाळवंटात कसला पूर? पण जुलै 1979 मध्ये याच लुणीनं हाहाकार उडवला होता. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव बुडालं, आणि खाली जिप्समचा थर असल्यानं पाणी मुरेना, महिनोन्‌महिने तसंच साचून राहिलं. वर्षभराचा पाऊस तीनशे मिलिमीटरच्या आत असलेला हा जिल्हा! सरासरीवर जाल तर फसाल. पाऊस किती दिवसांत पडला, कुठल्या उतारावर पडला आणि खालची जमीन मुरवणारी आहे का, हे बघा. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा 1991 चा महापूर घरच्यांकडून ऐकलेल्या मुलांना हे चटकन कळतं.

शेवटचा सापळा वर्गीकरणाचा. साधारण 495 किलोमीटर वाहून लुणी कच्छच्या रणात विरते, तिला खुल्या समुद्रावर मुख नाही. काही पुस्तकं तिला अरबी समुद्राच्या जलप्रणालीत घालतात, काही अंतर्गत, म्हणजे समुद्राला न मिळणाऱ्या नद्यांच्या जलप्रणालीत. त्यामुळे पर्याय नीट वाचा. "कच्छचं रण" हा पर्याय असेल तर त्यावरच खूण करा, "खंबातचं आखात" कधीच नाही.