झोपेत दात खाण्यावर मला काय लागू पडलं

"रात्रभर करकर आवाज येतो तुमच्या दातांचा," असं बायको सांगायची तेव्हा मी मनावर घेतलं नाही. सकाळी जबडा आंबलेला असायचा, कानशिलं ठणकायची. वाटायचं, झोप कमी पडते. आईने जंताचं औषध घ्यायला लावलं, तेही घेतलं. फरक शून्य. मग एके दिवशी भाकरी खाताना दाढेचा टवका उडाला.

दातांच्या डॉक्टरांनी वरच्या दातांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं कव्हर, बनवून दिला. त्याआधी दुकानातला, गरम पाण्यात टाकून चावायचा मऊ गार्ड वापरला होता. तो दोन महिन्यांत चावून चावून फाटला. कडक गार्ड पहिले आठ दिवस परका वाटतो, लाळ सुटते. दोनदा जाऊन तो घासून घ्यावा लागला. हे टाळू नका, एका बाजूला जरा जास्त टेकला तरी जबडा दुखतो.

पण गार्ड दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही. डॉक्टरांनी चालू गोळ्या विचारल्या. मी चिंतेसाठी एस्सिटालोप्राम घेत होतो. चिंता-नैराश्यावरच्या या गटातल्या (SSRI) औषधांनी काहींना हा त्रास सुरू होतो, हे मला तेव्हा कळलं! मनोविकारतज्ज्ञांनी डोस हळूहळू कमी केला (कृपा करून स्वतःहून गोळी बंद करू नका). महिनाभरात सकाळचं ठणकणं गेलं. गार्ड मात्र अजून रोज लावतो आणि गार पाण्यानेच धुतो; गरम पाण्याने तो वाकडा होतो.